अहवालाचे गद्य आणि सल्ल्याचे सामर्थ्य : केंद्रीय दक्षता आयोगाच्या वार्षिक कार्याचा परिचय

१

नवी दिल्लीच्या आयएनए भागात सतर्कता भवन या नावाची इमारत असून केंद्रीय दक्षता आयोगाचे कार्यालय तेथे आहे. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या कालावधीत आपण काय केले याचा वृत्तान्त हा आयोग दरवर्षी लिहून काढतो आणि वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत राष्ट्रपतींना सादर करतो. पुढे तो संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर ठेवला जातो. वृत्तपत्रांतून त्यातील काही आकडे छापून येतात. एखादा प्रश्न संसदेत विचारला जातो. आणि मग पुढील वर्षाचा अहवाल येईपर्यंत तो कपाटात विसावतो.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने अशा लेखनाकडे का वळावे, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. त्याचे एक उत्तर मराठी गद्याच्या इतिहासातच मिळते. मराठी गद्याची घडण सांगताना महानुभावांच्या ग्रंथांबरोबर बखरी, सनदा, पत्रव्यवहार यांचाही विचार करावा लागतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले १७१५ च्या सुमाराचे ‘आज्ञापत्र’ हा मुळात राज्यकारभाराचा दस्तऐवज आहे. तरीही मराठी गद्याच्या कोणत्याही गंभीर विवेचनात त्याला स्थान असते. कारभाराचे लेखन शे-दोनशे वर्षे जुने झाले की त्यास वाङ्मय म्हणावयाचे आणि समकालीन असताना त्यास रद्दी समजावयाचे, हा न्याय फारसा समर्थनीय नाही.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. केंद्रीय दक्षता आयोगाला कोणत्याही अधिकाऱ्यास स्वतः शिक्षा देण्याचा अधिकार नाही. तो सल्ला देतो. सल्ला मानला गेला नाही तर आपल्या अहवालात तशी नोंद करतो. याचा अर्थ असा की, या संस्थेचे सामर्थ्य बव्हंशी तिच्या लेखनाचे सामर्थ्य आहे. ज्या संस्थेचे शस्त्रच लेखन आहे, तिच्या लेखनाचे स्वरूप तपासणे हे वाचनविद्येच्या अभ्यासकाचे काम ठरते. प्रस्तुत लेखात आयोगाची घडण, त्याचे वर्षभराचे कार्य, त्यामागील शब्दांची परंपरा आणि अहवालाच्या गद्याचे मर्म यांचा क्रमाने परामर्श घ्यावयाचा आहे.

२

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्धसाहित्याच्या खरेदीत होणारे गैरव्यवहार शोधण्यासाठी १९४१ साली एक विशेष पोलीस दल स्थापन झाले. त्यास १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना अधिनियमाने कायद्याचा आधार मिळाला आणि १ एप्रिल १९६३ रोजी त्यातूनच केंद्रीय अन्वेषण विभाग, म्हणजे सीबीआय, अस्तित्वात आला. तथापि गुन्ह्याचा तपास करणे आणि प्रशासनाच्या नीतिमत्तेवर नजर ठेवणे ही दोन भिन्न कामे आहेत. लालबहादूर शास्त्री गृहमंत्री असताना १९६२ साली के. संथानम यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींतून ११ फेब्रुवारी १९६४ च्या शासकीय ठरावाने केंद्रीय दक्षता आयोग निर्माण झाला. पूर्वी म्हैसूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले निट्टूर श्रीनिवास राव हे त्याचे पहिले आयुक्त.

संथानम समितीने सुचविलेली रचना अधिक व्यापक होती. सामान्य नागरिकांच्या गाऱ्हाण्यांची दाद घेणारा एक स्वतंत्र विभागही त्या रचनेत होता. शासनाने तो स्वीकारला नाही. परिणामी आयोगाचे तोंड जन्मापासूनच जनतेकडे नसून कार्यालयाकडे वळलेले राहिले. मात्र ठरावात एक गोष्ट आग्रहाने नमूद होती : आपली जी शिफारस मान्य झाली नाही किंवा अंमलात आली नाही, तिच्याकडे आयोगाने वार्षिक अहवालात विशेष लक्ष वेधावे आणि ती का मान्य झाली नाही याचा खुलासा संसदेपुढे ठेवला जावा. शिक्षेचा अधिकार न देता सांगण्याचा अधिकार देणारी ही योजना होती.

पुढील चौतीस वर्षे आयोग केवळ या ठरावाच्या बळावर चालला. हवाला प्रकरणातून उद्भवलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९७ रोजी निर्णय दिला आणि आयोगाला कायद्याचे अधिष्ठान देण्याचा आदेश केला. ऑगस्ट १९९८ मध्ये वटहुकूम निघाला. २००३ साली केंद्रीय दक्षता आयोग अधिनियम संमत झाला. या अधिनियमानुसार एक केंद्रीय दक्षता आयुक्त व जास्तीत जास्त दोन दक्षता आयुक्त असतात. पंतप्रधान, गृहमंत्री व लोकसभेतील विरोधी पक्षनेता यांच्या समितीच्या शिफारशीवरून राष्ट्रपती त्यांची नेमणूक करतात. भ्रष्टाचाराच्या प्रकरणांपुरते सीबीआयच्या कामावरील पर्यवेक्षणही आयोगाकडे आले.

नियुक्तीची ही पद्धतही निर्दोष ठरली नाही. २०१० साली झालेली केंद्रीय दक्षता आयुक्तांची एक नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०११ रोजी रद्दबातल ठरविली. उमेदवार व्यक्तिशः दोषी आहे की नाही यापेक्षा संस्थेची सचोटी अबाधित राहते की नाही, हा निकष न्यायालयाने महत्त्वाचा मानला. सल्ला हेच ज्याचे शस्त्र, त्याच्या तोंडाला वजन असावे लागते, एवढाच त्याचा साध्या मराठीत अर्थ.

३

आयोगाच्या कामाचा ओघ तक्रारीपासून सुरू होतो. प्रत्येक मंत्रालयात, सार्वजनिक उपक्रमात व राष्ट्रीयीकृत बँकेत एक मुख्य दक्षता अधिकारी असतो. तो त्या कार्यालयातील आयोगाचा डोळा होय. आलेल्या तक्रारीची प्राथमिक चौकशी तो करतो. तीत केवळ चूक किंवा ढिलाई आढळली तर ते साधे शिस्तीचे प्रकरण ठरते. लाच, अधिकाराचा दुरुपयोग, अपहार असा अप्रामाणिक हेतू दिसला तर ते दक्षतेचे प्रकरण होते. ही सीमारेषा आखणे हे या सबंध व्यवस्थेतील सर्वांत नाजूक काम आहे. कर्ज बुडाले म्हणजे बँकेचा अधिकारी लबाड होता असे ठरत नाही. त्याच वेळी नियमाप्रमाणे सह्या झाल्या म्हणजे व्यवहार निर्मळ होता असेही ठरत नाही.

वरिष्ठ अधिकाऱ्याचे प्रकरण असल्यास आयोगाचा पहिला सल्ला घेतला जातो : मोठ्या शिक्षेसाठी कारवाई करावी, किरकोळ शिक्षेसाठी करावी, की प्रकरण बंद करावे. त्यानंतर दोषारोपपत्र, विभागीय चौकशी, साक्षीपुरावे आणि चौकशी अधिकाऱ्याचा निष्कर्ष. ठराविक प्रकरणांत शेवटच्या निर्णयापूर्वी पुन्हा दुसरा सल्ला घेतला जातो. ठपका ठेवणे, बढती किंवा वेतनवाढ रोखणे, झालेले नुकसान वसूल करणे या किरकोळ शिक्षा; पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणे व बडतर्फी या मोठ्या. फौजदारी खटला भरावयाचा असेल तर संबंधित खात्याची पूर्वसंमती लागते. तीसाठी तीन महिन्यांची मुदत असते. ती उलटूनही अनिर्णित राहिलेली प्रकरणे अहवालात नमूद होत आली आहेत.

दुसरे मोठे काम तांत्रिक परीक्षणाचे. १९५७ साली बांधकाम खात्यात स्थापन झालेली मुख्य तांत्रिक परीक्षकांची संघटना १९६४ पासून आयोगाकडे आहे. रस्ते, पूल, इमारती, यंत्रसामग्रीची खरेदी यांची कंत्राटे ती तपासते. निविदेतील अटी एकाच पुरवठादाराला सोयीच्या अशा बेतल्या आहेत काय, मोजमापवहीतील नोंद प्रत्यक्ष बांधकामाशी जुळते काय, हे पाहणे तिचे काम. निविदेच्या एका अटीत एखादा शब्द कोठून आला, याचा शोध घेणारा हा परीक्षक पाठचिकित्सकाचा सहाध्यायी वाटावा.

तिसरे काम जागृतीचे. सरदार पटेलांचा जन्मदिवस ३१ ऑक्टोबर ज्या आठवड्यात येतो, त्यात २००० सालापासून दक्षता जागरूकता सप्ताह पाळला जातो. कार्यालयांतून सचोटीची शपथ घेतली जाते; निबंध व वक्तृत्वस्पर्धा होतात. दिल्लीत अशा फलकांची रेलचेल असते. त्यांवरील घोषणांचे मोल मर्यादित असले, तरी त्याच इमारतींत एखाद्या टेबलावर अडलेला कागद पाहून आलेल्या नागरिकाला त्या घोषणांतील विसंगती चटकन उमगते.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. तलाठ्याने सातबाराच्या उताऱ्यासाठी मागितलेली रक्कम या आयोगाच्या कक्षेत येत नाही. ते राज्याचे क्षेत्र. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा लावतो. नोटांना फिनॉल्फथॅलिनची भुकटी लावलेली असते आणि नोटा स्वीकारणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडविताच पाणी गुलाबी होते. तक्रारदाराचे नाव पुढे येते, पंच साक्षी असतात, दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते. याउलट केंद्रीय आयोगाचे क्षेत्र केंद्रशासन, रेल्वे, बँका, मोठे उपक्रम आणि दिल्लीपुरती विकास प्राधिकरण व महानगरपालिका यांसारखी स्थानिक मंडळे. येथे पाणी गुलाबी होत नाही. येथे सारे काही कागदावरच सिद्ध किंवा असिद्ध व्हावयाचे असते.

४

या संस्थेच्या नावाकडे पाहिले तरी भारतीय भाषांची वेगवेगळी वळणे दिसतात. हिंदीत तिला ‘सतर्कता आयोग’ म्हणतात, मराठीत ‘दक्षता आयोग’. गुजरातीने अशा संस्थेसाठी ‘तकेदारी’ हा शब्द पत्करला. कन्नडने ‘जागृत’ हा शब्द वापरला. तमिळमध्ये डोळ्यांनी पहारा ठेवण्याचा भाव असलेला ‘कण्काणिप्पु’ हा शब्द या कार्यासाठी आहे. हिंदीतील शब्दात सावध बुद्धी आहे, कन्नडमध्ये जागेपण, तमिळमध्ये दृष्टी. मराठी ‘दक्षते’ला दुहेरी छटा आहे. संस्कृतात ‘दक्ष’ म्हणजे कुशल; मराठी माणसाला मात्र ‘दक्ष’ म्हटले की कवायतीचे मैदान आठवते. कौशल्य आणि ताठ उभे राहणे या दोन्ही अर्थांची या संस्थेला गरज आहे.

दोषाचे नाव पाहू जाता चित्र उलटते. रक्षणाचे शब्द भाषेगणिक बदलतात, पण लाच हा शब्द अर्ध्या देशात एकच आहे. मराठीतील जुने ‘लांच’, गुजरातीतील ‘लांच’, ओडियातील ‘लांच’, कन्नडमधील ‘लंच’, तेलुगूतील ‘लंचम्’, तमिळमधील ‘लंजम्’ ही सारी एका कुळातील रूपे होत. आर्य व द्राविड भाषाकुलांची सीमा या शब्दाने सहज ओलांडली आहे. उत्तरेकडे ‘घूस’ व अरबी मूळ असलेला ‘रिश्वत’ आहेत. मलयाळममध्ये ‘कैक्कूली’, म्हणजे हाताची मजुरी. धर्मशास्त्रातील ‘उत्कोच’ हा भारदस्त शब्द मात्र लोकांच्या तोंडी उतरला नाही.

मराठीत आणखी एक शब्द होता व तो विसरला गेला आहे, तो म्हणजे ‘अंतस्थ’. पेशवाईच्या कारभारात आतून, गुपचूप द्यावयाच्या पैशाला ही संज्ञा होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी जो अहवाल लिहिला, त्यात ‘दरबारखर्च’ व ‘अंतस्थ’ यांचे मार्मिक निरीक्षण आहे. आरंभी हा पैसा मंत्री व हिशेबतपासनीस यांना लाच देण्यासाठी गोळा होई. हळूहळू ती लाच ठरीव हक्काची बनली आणि इतर खर्चाप्रमाणेच तिचाही हिशेब तपासला जाऊ लागला. परंतु लाचेची गरज संपली नव्हती. म्हणून तीसाठी रयतेकडून आणखी वेगळी वसुली सुरू झाली. अशा नाजूक बाबींत तपासनीस फार खोल जात नसल्यामुळे मामलतदारही त्यात स्वतःसाठी भर घालून घेई.

परकीय विजेत्याचे हे लेखन असल्याने ते सावधपणे वाचावयास हवे, हे खरे. पण त्यात सांगितलेली प्रक्रिया कोणत्याही राजवटीची मिरासदारी नाही. लाच प्रथम लपून घेतली जाते. मग ती रूढ होते. मग तिला सभ्य नाव मिळते. मग ती हिशेबाच्या वहीत जाऊन बसते. आणि रिकाम्या झालेल्या जागी नवी लाच येते. भ्रष्टाचाराचा खरा विजय नियम मोडण्यात नसून नियमाचे नाव धारण करण्यात असतो.

त्याच मराठी कारभाराने या दोषावर उपायही शोधले होते. मामलतदारावर अंकुश राहावा म्हणून दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार असे दरकदार नेमले जात. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलतदाराला नसे. आजच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्याच्या कल्पनेशी ही रचना ताडून पाहण्याजोगी आहे. शिवाजीमहाराजांनी १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेल्या पत्रातही प्रामाणिक कारभाराची कडक ताकीद आहे. रयतेच्या क्षुल्लक वस्तूवरही मन जाता कामा नये, हा त्याचा आशय महाराष्ट्रात लोकस्मृतीचा भाग झाला आहे.

आणखी मागे गेल्यास ‘अर्थशास्त्रा’चे दुसरे अधिकरण येते. शामशास्त्री यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या व पुढे प्राध्यापक कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी चिकित्सक रीतीने संपादिलेल्या या ग्रंथात राजाचे धन हरण करण्याचे चाळीस प्रकार मोजले आहेत : आधी वसूल झालेले मागाहून दाखविणे, मागाहून वसूल झालेले आधी दाखविणे, दिलेले न दिलेले म्हणून नोंदविणे, इत्यादी. पाण्यात फिरणारा मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही, तसे अधिकाऱ्याचे धन खाणे कळत नाही, हा तेथील दृष्टान्त प्रसिद्धच आहे. त्याहून कमी लक्ष गेलेली बाब म्हणजे ‘सूचक’. अपहाराची खबर देणाऱ्यास सिद्ध झालेल्या रकमेचा सहावा हिस्सा व तो नोकर असल्यास बारावा हिस्सा द्यावा, तर खोटी खबर देणाऱ्यास दंड करावा, असे कौटिल्य सांगतो. पाहणारा कोण, सांगणारा कोण आणि सांगणाऱ्याचे पुढे काय होते, हे प्रश्न तेव्हाही सुटे नव्हते.

५

सांगणाऱ्याचे काय होते, याचा महाराष्ट्रातील एक धडा १८८८ च्या क्रॉफर्ड प्रकरणात आहे. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर म्हणून नाव मिळविलेले आर्थर क्रॉफर्ड पुढे पुण्यास मध्य विभागाचे आयुक्त होते. बढत्या व बदल्या यांसाठी ते पैसे घेतात असा आरोप झाला. पुरावा द्यावयाचा तर ज्यांनी पैसे दिले त्या मामलतदारांनीच पुढे यावयास हवे होते. त्यांना अभय देण्यात आले. त्यांनी साक्षी दिल्या. चौकशी आयोगाने क्रॉफर्ड यांना लाचेच्या आरोपातून मुक्त केले, मात्र हाताखालील प्रदेशातील लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल दोषी ठरविले, आणि त्यांना सेवेतून जावे लागले. इकडे साक्ष देणाऱ्या मामलतदारांवरच गहजब झाला; दिलेले अभय पाळावे की नाही याचा वाद पार विलायतेपर्यंत पोहोचला. टिळकांनी मामलतदारांची बाजू घेऊन १८८९ साली पुण्यात सभा भरविली. लाच देणारा हा गुन्हेगार की दडपणाखालचा साक्षीदार, हा त्या वादाचा गाभा होता. २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला; पण देणाऱ्यावर सक्ती झाली असेल आणि त्याने सात दिवसांत कळविले असेल तर त्याला सूट ठेवली. सव्वाशे वर्षांनंतरही कायदा त्याच गाभ्याभोवती फिरतो आहे.

दुसरा धडा अधिक जवळचा व अधिक वेदनादायक आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंते सत्येंद्र दुबे यांनी रस्त्याच्या कामातील गैरव्यवहारांबद्दल पंतप्रधान कार्यालयास पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ते पत्र त्यांच्या नावासह कार्यालयांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. देशभर उठलेल्या प्रतिक्रियेनंतर २१ एप्रिल २००४ चा शासकीय ठराव निघाला व गुप्त तक्रारी स्वीकारण्याचे काम दक्षता आयोगाकडे सोपविण्यात आले. पद्धत अशी : तक्रार बंद लिफाफ्यातून पाठवावयाची, लिफाफ्यावर ठरावाचा उल्लेख करावयाचा, पण स्वतःचे नाव घालावयाचे नाही, नाव आतल्या पत्रात असावयाचे. निनावी पत्र विचारात घेतले जात नाही. म्हणजे नाव असलेच पाहिजे, आणि ते कोणास दिसताही कामा नये.

या व्यवस्थेत आणखी एक बंद लिफाफा आहे. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध दोषारोपपत्र निघाले आहे, त्याच्या बढतीसंबंधी समितीने जे ठरविले असेल ते मोहोरबंद पाकिटात ठेवले जाते व प्रकरण संपेपर्यंत उघडले जात नाही. चौकशी रखडली तर दोषी माणसाला निवृत्तीचा किनारा दिसू लागतो. कारण निवृत्तीनंतर, चार वर्षांहून जुन्या घटनेबद्दल नवी विभागीय कारवाई सुरू करता येत नाही. आणि निर्दोष माणसाची उमेदीची वर्षे त्या पाकिटात बंद होऊन राहतात. एक लिफाफा सांगणाऱ्याचा, दुसरा ज्याच्याविषयी सांगितले त्याचा. वार्षिक अहवालातील विलंबाचे तक्ते वाचताना हे दोन लिफाफे डोळ्यांपुढे ठेवले, तर त्या आकड्यांतून माणसे दिसू लागतात.

६

आता अहवालाच्या गद्याकडे वळता येईल. त्याचा पहिला विशेष म्हणजे कर्ता लोपलेली वाक्ये. ‘असे आढळून आले’, ‘सल्ला देण्यात आला’, ‘कारवाई करण्यात आली नाही’ या धाटणीच्या रचनेत कोणी काय केले हे मागे सरते. अधिकाऱ्याचे नाव नसते. पद असते, संस्था असते, व्यवहाराचे स्वरूप असते. याला न्याय्य कारण आहे. सल्ला म्हणजे निकाल नव्हे. जानेवारी २००० मध्ये, एन. विठ्ठल आयुक्त असताना, ज्यांच्यावर कारवाईचा सल्ला दिला गेला होता अशा वरिष्ठ अधिकाऱ्यांची नावे आयोगाने जाहीर केली तेव्हा मोठा वाद उसळला. नागरिकांना जाणून घेण्याचा हक्क आहे, ही एक बाजू. दोष सिद्ध होण्यापूर्वी माणसाची अप्रतिष्ठा होते, ही दुसरी. दोन्ही बाजूंत तथ्य होते.

ललित साहित्याशी तुलना केल्यास हा विशेष अधिक उठून दिसतो. प्रेमचंदांच्या ‘नमक का दरोगा’ या कथेत वंशीधर नावाचा एक माणूस लाच नाकारतो. सारी नीती एका क्षणात व एका व्यक्तीत एकवटते. श्रीलाल शुक्ल यांच्या ‘राग दरबारी’ या १९६८ च्या कादंबरीत लंगड तहसील कचेरीतून एक नक्कल मिळविण्यासाठी खेटे घालतो. त्याला ती लाच न देता, नियमाने हवी असते. आणि नियम त्याला थकवून टाकतो. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथात कुळकर्ण्यापासून कचेरीपर्यंत नाडला जाणारा शेतकरी एक वर्ग म्हणून उभा राहतो. फुल्यांची वाक्ये संतापाने धावतात. त्यांत कर्ता कधीच लपत नाही. आयोगाच्या अहवालात वंशीधर नाही, लंगड नाही, कुळकर्णीही नाही. तेथे केवळ ‘संबंधित अधिकारी’ आहे. साहित्य ज्या माणसाला चेहरा देते, त्याचा चेहरा पुसूनच अहवालाला बोलावे लागते.

तथापि या गद्यात एक जागा अशी आहे की जेथे हा संयमी आवाज किंचित चढतो. आयोगाचा सल्ला न मानल्याची, किंवा सल्ल्यापासून ढळल्याची, जी प्रकरणे निवडून दिलेली असतात ती ही जागा. त्यांचा साचा ठरलेला आहे : व्यवहार काय होता, चौकशीत काय निष्पन्न झाले, आयोगाने कोणती शिक्षा सुचविली, खात्याने प्रत्यक्षात काय केले. दोन-तीन परिच्छेदांत कथा संपते. बडतर्फीच्या वाटेवरील प्रकरण ठपक्यावर कसे थांबले, हे वाचकाला कळते. निषेधाचा शब्द बहुधा नसतो. दोन विधाने शेजारी ठेवलेली असतात आणि त्यांतील अंतर वाचकाने मोजावयाचे असते.

हे अंतर कायद्यानेच मान्य केलेले आहे. सिंडिकेट बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली स्पष्ट केले की, आयोगाचा सल्ला शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. त्याने स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेतला पाहिजे. १९९२ साली स्टेट बँकेच्या एका प्रकरणात न्यायालयाने असेही सांगितले की, आयोगाच्या शिफारशीचा आधार घेऊन शिक्षा द्यावयाची तर ती शिफारस आधी त्या कर्मचाऱ्याला दाखविली पाहिजे. सल्ला गुप्तपणे घात करणारा नसावा, आणि हुकुमाची जागा घेणाराही नसावा, असा या दोन निर्णयांचा मथितार्थ. २००३ च्या अधिनियमाने त्यात एक मोलाची भर घातली : आयोगाने पाठविलेल्या चौकशी अहवालावरील सल्ला केंद्रशासनाला मान्य नसेल, तर त्याची कारणे लेखी नोंदवून ती आयोगाला कळविली पाहिजेत. म्हणजे लेखनाला उत्तरही लेखनानेच द्यावयाचे.

७

या सर्व विवेचनातून आयोगाच्या वार्षिक कार्याचे मर्म कोठे आहे, हे स्पष्ट व्हावे. किती प्रकरणे आली व किती निकालात निघाली, या आकड्यांनी संस्थेची कार्यक्षमता मोजता येते; तिचे प्रयोजन मोजता येत नाही. भ्रष्टाचार निपटून काढणे हे तिच्या शक्तीबाहेरचे आहे, आणि तशी अपेक्षा बाळगणारा वाचक तिचा अहवाल मिटवून निराश होईल. एल्फिन्स्टनने टिपलेली प्रक्रिया मात्र स्मरणात ठेवली पाहिजे. अंतस्थ हा हिशेबाचा एक रीतसर सदर झाला, कारण तो मूळचा लाच आहे असे दरसाल लिहून ठेवणारे कोणी नव्हते. तपासनीस होते, पण तेही त्या सदराखाली आपला वाटा घेत होते. ढळलेल्या व्यवहाराला ढळलेला व्यवहार म्हणून वर्षानुवर्षे नोंदवीत राहणे, त्याला रूढीचे सभ्य नाव मिळू न देणे, हे वार्षिक अहवालाचे खरे काम होय.

हे काम एकट्या लेखकाकडून पुरे होत नाही. ज्या अहवालाचे बळ न मानलेल्या सल्ल्याच्या नोंदीत आहे, तो वाचला गेला नाही तर ती नोंद असून नसल्यासारखी होते. संसदेने ती वाचावी, हे संविधानाच्या व्यवस्थेला धरून आहे. वृत्तपत्रांनी वाचावी, हे लोकशाहीला धरून आहे. विद्यापीठांतील भाषा-साहित्याच्या अभ्यासकांनी सनदा, निवाडे व कैफियती वाचण्याची जी सवय जोपासली आहे, तीही येथे उपयोगी पडण्यासारखी आहे. कर्ता लोपलेल्या वाक्यातील कर्ता शोधणे, दोन शेजारच्या विधानांतील मौन ऐकणे, एखाद्या पदाची छटा वर्षागणिक कशी बदलली हे ताडून पाहणे, ही त्यांच्या हातची विद्या आहे. १९६४ पासूनचे अहवाल क्रमाने लावून अशा रीतीने वाचले गेले, तर स्वतंत्र भारताच्या कारभाराने कशाला लाच म्हटले, कशाला चूक म्हटले आणि कशाला केवळ कार्यपद्धती म्हणून सोडून दिले, याचा एक शब्दकोश त्यातून हाती येईल. त्या कोशात कोणता शब्द कोणत्या वर्षी गळाला, हेही तेव्हाच दिसेल.